संकासुराच्या अंगावरच्या मुंग्या: फुल-फ्रेम कॅमेरा आणि अंधारातला व्हिडिओ

मागच्या हिवाळ्यात भाच्याने सिंधुदुर्गातल्या एका जत्रेत दशावताराचा प्रयोग रात्रभर चित्रित केला. सकाळी चहा घेत लॅपटॉपवर बघायला बसलो. गणपती झाला, रिद्धी-सिद्धी झाल्या, तोवर बरं चाललं होतं. मग संकासुर आला. डोक्यापासून पायापर्यंत काळा वेश, मागे गडद पडदा, आणि त्या काळ्यावर जिकडेतिकडे वळवळणाऱ्या मुंग्या. पूर्वी केबल गेली की टीव्हीवर यायच्या तशा. त्यात भर म्हणून अख्ख्या चित्रावरून आडवे काळपट पट्टे हळूहळू सरकत होते.

“मामा, फुल-फ्रेम घेतलंय ना मी,” भाचा म्हणाला. “मगे ह्यां असां कित्याक दिसता?”

प्रश्न रास्त आहे, आणि सध्या बऱ्याच जणांना पडतोय. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा फुल-फ्रेम डीएसएलआर काढलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) आहे. लग्नाची कामं करणारे फोटोग्राफर तिकडे वळले आणि त्यांचे जुने डीएसएलआर बाजारात आले. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एक चक्कर मारा, ‘फुल-फ्रेम आहे, अंधारात एक नंबर’ हे कानावर पडेलच. फोटोपुरतं ते बहुतेक वेळा खरं असतं. व्हिडिओला मात्र अर्धंच लागू पडतं.

वाड्याचा चौक आणि वळवाचा पाऊस

सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागची चकचकीत पाटी. पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता ही असते. तिला जुन्या वाड्याच्या चौकातली फरसबंदी समजा. एकेक फरशी म्हणजे एकेक पिक्सेल, वरून पडणारा पाऊस म्हणजे प्रकाश, आणि चौकावरचं आभाळ किती उघडं आहे ते लेन्स ठरवते.

वळवाचे पहिले थेंब पडतात तेव्हा फरश्यांकडे बघा. एकीवर तीन थेंब, शेजारचीवर सहा, तिसरी कोरडी. तासभर पाऊस लागला की सगळ्या सारख्याच भिजलेल्या. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने पडतो. या थेंबाला फोटॉन म्हणतात. गणित सोपं आहे: सरासरी जितके थेंब, त्याच्या वर्गमुळाइतका फरक फरशीफरशीत पडतो. सरासरी ४ थेंब असतील तर २ इकडेतिकडे, म्हणजे थेट निम्म्याचा फरक. सरासरी १०,००० असतील तर १०० इकडेतिकडे, म्हणजे जेमतेम एक टक्का. काळ्या कपड्यावर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे हाच फरक. धंद्यातले लोक त्याला ‘नॉईज’ म्हणतात. कॅमेऱ्याच्या सर्किटची स्वतःची खरखर त्यात मिसळते ती वेगळी, पण मुळात हा प्रकाशाचा दुष्काळ आहे.

फुल-फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर. क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. बहुतेक स्वस्त डीएसएलआरमध्ये असतो तो ‘एपीएस-सी’ आकाराचा. निकॉनमध्ये तो साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटरच्या आसपास. पाऊस तेवढाच, पण चौक सव्वादोन पटींहून मोठा, म्हणून एकूण पाणी जास्त साचतं. फुल-फ्रेमचं सगळं कौतुक एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे.

व्हिडिओ उपाशी का राहतो

फोटो काढताना अंधार असेल तर कॅमेरा तिवईवर ठेवून शटर अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं हवीत, तेव्हा एका चित्राला १/२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ द्यायला मुळात जागाच नाही. हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटावी म्हणून त्याच्याही निम्मा, १/५० सेकंद धरतात. म्हणजे चित्र उजळ करायचे जे तीन मार्ग, त्यातला एक इथे सुरुवातीलाच बंद होतो.

ते सरकणारे पट्टेही इथलेच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/५० सेकंदाच्या शटरमध्ये बरोबर दोन फेरे बसतात, म्हणून फरक कळत नाही. भाच्याचा कॅमेरा कुणीतरी अमेरिकेतून आणलेला. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तो तिकडच्या ‘एनटीएससी’ पद्धतीवर लावलेला आणि शटर १/६०. एका चित्रात दीडपावणेदोन फेरे, पुढच्या चित्रात भलत्याच ठिकाणापासून सुरुवात. पट्टे येणारच. मेनूत आपल्याकडची ‘पाल’ पद्धत निवडून शटर १/५० करायला दहा सेकंद लागतात. नातेवाइकाने परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यात हे आधी बघावं.

आणखी एक गंमत. डीएसएलआरमधला ‘आर’ ज्या आरशासाठी आहे, तो व्हिडिओ सुरू केला की वर उचलला जातो आणि तिथेच राहतो. डोळा लावायची खिडकी काळी पडते, आणि आरशाकडून प्रकाश घेणारी झटपट फोकसची यंत्रणा आंधळी होते. थोडक्यात, व्हिडिओ काढताना प्रत्येक डीएसएलआर हा वजनदार मिररलेस असतो. फोकस आता सेन्सरनेच करायचा, आणि तो करण्याची अक्कल प्रत्येक सेन्सरला नसते.

उरले दोन मार्ग

पहिला, लेन्स. तिच्यावरचा एफ-आकडा म्हणजे भोक किती मोठं उघडतं ते, आणि आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ/४ वरून एफ/१.८ वर गेलात की जवळपास पाचपट प्रकाश येतो. क्षेत्रफळाचा सव्वादोन-अडीच पटींचा फायदा त्यापुढे फिका आहे. म्हणून एफ/५.६ चा झूम लावलेला महागडा फुल-फ्रेम हा साध्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावलेल्या एफ/१.८ च्या छोट्या लेन्सपुढे अंधारात हरतो. दुकानदार हे क्वचितच सांगतात.

दुसरा, आयएसओ. हा कर्ण्याचा आवाज वाढवण्याचा खटका आहे. बुवांचा आवाज वाढतो तशी मायकची खरखरही वाढते, कारण बुवा काही जास्त जोराने गायला लागलेले नसतात. लोक म्हणतात, आयएसओ वाढवल्याने मुंग्या आल्या. खरं तर प्रकाश कमी होता म्हणून आल्या आणि आयएसओने त्या दाखवल्या. मुंग्यांच्या भीतीने आयएसओ कमी ठेवून काळंकुट्ट चित्रण करायचं आणि मग संगणकावर उजळायचं, हा उपाय तर रोगापेक्षा वाईट.

खोक्यावरच्या आयएसओच्या कमाल आकड्याला मी फारशी किंमत देत नाही. निकॉनच्या २०१६ च्या डी५ वर तो ताणून ३२ लाख ८० हजारांपर्यंत जातो. कॅमेरा उत्तमच आहे, पण त्या आकड्यावर माणूस आणि माड यांतला फरक ओळखता आला तरी पुष्कळ.

एक ढोबळ हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. संध्याकाळी दिवे लावलेल्या दिवाणखान्यात साधारण १०० लक्स उजेड धरा (लक्स हे उजेडाचं माप, भर दुपारी उन्हात ते लाखाच्या घरात जातं). शटर १/५०, एफ/२.८ असेल तर आयएसओ १००० च्या आसपास लागतो. उजेड १० लक्सवर आला, म्हणजे गावातली मंदिराबाहेरची रात्र, की तोच आकडा १०,००० होतो. तिथे एफ/१.४ लावलीत तर २५०० वर भागतं.

कॅमेरा फुल-फ्रेम, पण व्हिडिओ किती फ्रेमचा?

फोटो काढताना कॅमेरा सगळ्या फरश्यांवरचं पाणी मोजतो. त्याला वेळ असतो. व्हिडिओत ही मोजणी सेकंदाला २५ वेळा करायची, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रोसेसरला ती झेपत नव्हती. त्यावर कंपन्यांनी तीन वाटा काढल्या, आणि तुमचा कॅमेरा कोणत्या वाटेचा आहे ते कळलं की निम्मं काम झालं.

पहिली वाट: ओळी गाळायच्या. एक ओळ मोजायची, मधल्या सोडायच्या. सोडलेल्या फरश्यांवरचं पाणी वाया. फुल-फ्रेम घेऊन त्यातला बराचसा प्रकाश आपणच फेकून देतो. शिवाय बारीक रेघांवर खोट्या रंगीत लाटा उमटतात. मच्छरदाणीच्या दोन घड्या एकमेकींवर आल्या की जशा दिसतात तशा. याला ‘मॉरे’ म्हणतात. इरकलीच्या बारीक चौकड्या किंवा कौलांच्या ओळी चित्रित करून बघा, लगेच कळेल.

दुसरी वाट: कडा कापायच्या. मधला तुकडा तेवढा पूर्ण वाचायचा, बाकीचा चौक बंद. याला क्रॉप म्हणतात. चित्र रेखीव येतं, पण चौक लहान झाला.

तिसरी वाट: सगळ्या फरश्या मोजायच्या आणि मग शेजारच्यांचं पाणी एकत्र करून लागेल तेवढं चित्र बनवायचं. अंधारात हवी ती हीच.

मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली तर

२००८ च्या कॅनन ५डी मार्क टू ने ही सगळी लाट आणली. फुल-फ्रेमवर १०८० (म्हणजे फुल एचडी) व्हिडिओ देणारा पहिला डीएसएलआर हाच. पुढे २०१० मध्ये एका लोकप्रिय अमेरिकी मालिकेचा अख्खा भाग त्यावर चित्रित झाला. पण तो ओळी गाळणारा. त्याची जादू बरीचशी मोठ्या सेन्सरच्या धूसर पार्श्वभूमीची आणि चांगल्या लेन्सची होती. सुरुवातीला त्यात फक्त ३० चित्रांचा वेग होता, आपल्या कामाचा २५ चा वेग २०१० च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) आला.

२०१२ चा ५डी मार्क थ्री मला अजून आवडतो, आणि त्याचं कारण एका भागाकारात आहे. सेन्सरवर आडव्या ओळीत ५७६० पिक्सेल, व्हिडिओला हवेत १९२०. बरोबर तीनाने भाग जातो. तीन बाय तीन फरश्यांचं पाणी एका भांड्यात गोळा केलं की एक पिक्सेल तयार. मॉरे जवळपास संपला, मुंग्या बारीक आणि मऊ झाल्या. चित्र थोडं मवाळ येतं, आजच्या नजरेला तर जास्तच, पण रात्रीच्या मवाळ चित्रावर कुणी तक्रार करत नाही. त्याच वर्षी आलेला निकॉन डी८०० ३६ मेगापिक्सेलचा आणि फोटोला अप्रतिम. व्हिडिओत मात्र त्यातल्या पुष्कळ पिक्सेलांना सुट्टी मिळते, आणि अंधारात मार्क थ्री त्याच्या पुढे निघतो. फोटोतला पहिला नंबर व्हिडिओत मागे पडतो तो असा. कॅनन ६डी चंही तेच: अंधारातले फोटो सुरेख, व्हिडिओत मॉरे.

२०१६ च्या ५डी मार्क फोर ने फोर-के (१०८० च्या साधारण चौपट पिक्सेलांचं चित्र) आणलं, पण कडा कापून. सेन्सर आडवा ६७२० पिक्सेलांचा, त्यातले मधले ४०९६ घ्यायचे. म्हणजे ३६ पैकी जेमतेम २२ मिलिमीटर रुंदीचा तुकडा. हा तुकडा एपीएस-सीपेक्षाही अरुंद आहे! नावाला ‘फुल-फ्रेम’ आणि प्रकाश मात्र छोट्या कॅमेऱ्याएवढा. त्यात फाइल सेकंदाला ५०० मेगाबिटची, मिनिटाला पावणेचार जीबी. रात्रभराच्या दशावताराला कार्डांची माळच लागेल. त्याची भरपाई म्हणजे सेन्सरवरचाच ‘ड्युअल पिक्सेल’ फोकस. एकट्याने चित्रण करणाऱ्याला तो वरदान आहे. २०१७ च्या ६डी मार्क टू मध्येही तो आहे, शिवाय फिरणारा पडदा आहे, पण फोर-के नाही आणि हेडफोनची खाचही नाही.

निकॉनचा २०१७ चा डी८५० पूर्ण रुंदीत फोर-के देतो, पण ४५.७ मेगापिक्सेल असल्याने सगळे वाचत नाही, गाळत जातो. एपीएस-सीएवढा मधला तुकडा निवडला तर तो पूर्ण वाचतो आणि चित्र जास्त रेखीव येतं. लोकांना हे उलटं वाटतं.

आणि मग जानेवारी २०२० मध्ये आलेला डी७८०. २४.५ मेगापिक्सेल, पूर्ण रुंदी, सगळे पिक्सेल वाचून बनवलेलं फोर-के, आणि निकॉनच्या मिररलेस झेड६ सारखा सेन्सरवरचा जलद फोकस. अंधारात व्हिडिओ काढायचा आणि डीएसएलआरच हवा, असं कुणी विचारलं तर मी याच्याकडे बोट दाखवतो. त्याच महिन्यातला कॅनन १डी एक्स मार्क थ्री त्याहून ताकदवान आहे, पण किंमत आणि जवळपास दीड किलोचं वजन बघता जत्रेत गळ्यात घालून उभं राहण्याची हौस ज्याची त्याची. बजेट कमी असेल तर ५डी मार्क थ्री, किंवा १०८० पुरे असेल तर २०१४ चा निकॉन डी७५०, फक्त त्याचा व्हिडिओतला फोकस हाताने करायची तयारी ठेवा.

“पण कमी मेगापिक्सेल म्हणजे कमी मुंग्या ना?”

हे अर्धसत्य सोनीच्या ए७एस मुळे पसरलं. २०१४ चा हा मिररलेस, फक्त १२ मेगापिक्सेल, आणि अंधारात भलताच तेज. लोकांनी निष्कर्ष काढला की मोठ्या फरश्या म्हणजे जास्त पाणी. पण चौक तेवढाच असेल तर मोठ्या फरश्या घाला की छोट्या, एकूण पाणी सारखंच. छोट्या फरश्यांचं पाणी शेवटी एकत्र करता आलं पाहिजे, एवढीच अट. ए७एस ची खरी खुबी अशी की पिक्सेल मोजकेच असल्याने ते सगळे भराभर वाचता येत होते, काहीही न गाळता. डी७८० तेच दुप्पट पिक्सेल घेऊन करतो, कारण २०२० चा प्रोसेसर २०१४ च्यापेक्षा चपळ आहे.

“मोबाईल तर रात्री झकास काढतो”

फोटो, हो. मोबाईल रात्री एकापाठोपाठ अनेक फोटो काढून एकमेकांत मिसळतो. तासभर पाऊस पडू दिल्यासारखंच ते. व्हिडिओत त्याला तेवढी सवड नसते, म्हणून तो मुंग्या घासून पुसतो, आणि त्यासोबत चेहऱ्यावरचा रंगही. दशावतारी नटाने तासभर आरशासमोर बसून स्वतः केलेली रंगरेषा मोबाईलवर मेणासारखी दिसते ती त्यामुळे.

मुंग्या नंतर संगणकावर पुसणारी सॉफ्टवेअरं आहेत, आणि त्यांतली चांगली सॉफ्टवेअरं शेजारशेजारच्या चित्रांची तुलना करून काम करतात. पण कॅमेऱ्याने फाइल आवळताना आधीच गोंधळ केलेला असतो. मुंग्या दर चित्रात जागा बदलतात, त्यामुळे आवळणाऱ्या यंत्रणेला सगळंच ‘नवं’ वाटतं, तिची जागा त्यांच्यातच संपते, आणि काळ्या भागात चौकोनी लगदा होतो. त्या लगद्याला औषध नाही.

“एफ/१.४ ला नाकावर फोकस, कानावर नाही!”

ही तक्रार खरी आहे, आणि फुल-फ्रेमच्या कौतुकात ती झाकली जाते. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ/१.४, माणूस दोन मीटरवर: स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण १३ सेंटिमीटरची. नट एक पाऊल पुढे आला की संपलं. ती पट्टी वाढवायला एफ/२.८ वर गेलात की प्रकाश एक चतुर्थांश. एपीएस-सीवाला एफ/२ वर तुमच्याइतकीच पट्टी आणि जवळपास तुमच्याइतकाच एकूण प्रकाश मिळवतो. म्हणजे धूसर पार्श्वभूमी परवडत असेल तरच फुल-फ्रेमचा अंधारातला फायदा हाती लागतो. मुलाखतीत परवडते, नाचात नाही. भाच्याला हे कळायला आणखी एक रात्र जावी लागली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा होती. त्याच्या कॅमेऱ्याचं मॉडेल मी मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कॅमेऱ्याचा नव्हताच. फोर-केचा क्रॉप बंद करून पूर्ण रुंदीचं १०८० घेतलं, तेवढ्याने वापरलेला सेन्सर जवळपास तिप्पट झाला. एफ/४ चा झूम पिशवीत गेला, ५० मिलिमीटर एफ/१.८ लागली, शटर १/५०. पहिल्या रात्री १२,८०० वर असलेला आयएसओ २५०० वर उतरला. पायपेटी सुरू झाली, पखवाजावर थाप पडली आणि संकासुर आला. यावेळी त्याच्या काळ्या अंगरख्याच्या चुण्या दिसत होत्या, काखेतली उसवलेली शिवणसुद्धा. मग त्याने प्रेक्षकांकडे एक उडी घेतली, आणि लाल जीभ फोकसमध्ये राहिली, तोंड बाहेर गेलं.

“मामा,” भाचा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “आता एफ/२.८ करू का?”